गाठीच्या आतलं पांढरं

वाफमावशीला राग आला की इस्पितळाच्या लाँड्रीतला बॉयलर विझवला तरी चालायचं, असं तिथले लोक सांगत. ती नुसती समोर उभी राहिली तरी चादर घाबरून सरळ व्हायची. एकदा म्हणे तिने एका डॉक्टरच्या कोटाकडे असं काही पाहिलं, की कोटाची घडी तर बसलीच, आतला डॉक्टरही चौकोनी घडी होऊन घरी गेला. हे कोणी पाहिलं म्हणून विचारू नये. ज्याने पाहिलं तो अजून कपाटात आहे.

पण त्या सोमवारचा राग निराळा होता. त्याची गंमत करायची कोणाची छाती नव्हती.

झालं होतं असं. मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, मावशीनेच शब्द टाकून लाँड्रीत लावली होती. सात नंबरच्या प्रेसवर. प्रेस म्हणजे खाली कापडाची गादी आणि वर तापलेली, बैलाच्या वजनाची प्लेट. पायाने दाबलं की प्लेट खाली येते. पुढे एक लाल दांडी असते. हात आत राहिला तर तो आधी दांडीला लागतो, आणि प्लेट झटकन वर जाते. दांडी आहे म्हणून बायकांची बोटं आहेत.

सात नंबरची दांडी मागे बांधून टाकलेली होती. चादरीची पट्टी फाडून, दोन फेरे, वर घट्ट गाठ. कारण जाड पांघरूण जरा फुगलं तरी दांडीला लागायचं, प्लेट वर जायची, काम खोळंबायचं. आणि काम खोळंबलं की सुपरवायझर शिट्टी फुंकायचा. गळ्यात दोरी घालून चोवीस तास ती शिट्टी मिरवायचा, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं होतं. घरी बायकोलाही फुंकूनच हाक मारत असेल मेला.

भाची कामाला लागली त्याच्या एकोणिसाव्या दिवशी तिचा उजवा हात आत राहिला. प्लेट उठली नाही. बॉयलरवाल्याने धावत जाऊन वाफ तोडली, तेव्हा उठली. चार बोटं गेली.

तीन आठवडे झाले त्याला. त्या तीन आठवड्यांत साहेब लोकांनी काय केलं? दांड्या तपासल्या? छे! त्यांनी मनाच्या बाई बोलावल्या.

मनाच्या बाई म्हणजे समुपदेशक. तरुण, नीटनेटक्या, बोलणं असं मऊ की वाटावं आत्ता डोक्याखाली उशी सरकवतील. त्यांनी सगळ्यांना एकेक पुस्तिका वाटली, ‘मनाचे शब्द : कर्मचाऱ्यांसाठी सोप्या व्याख्या’. मुखपृष्ठावर एक डोकं, त्यात फूल. मग त्या शिट्टीच्या खोलीत तासभर बसल्या, आणि सोमवारी भाचीच्या हातात एक फॉर्म आला. गुरुवारी मोठ्या साहेबांपुढे चौकशी. त्याआधी फॉर्म वाचून खाली सही करायची. एवढंच.

भाची मावशीच्या घरी आली, बँडेजचा हात मांडीवर ठेवला, आणि डाव्या हाताने पेन धरून सहीच्या रेघेवर वाकली.

“थांब!” मावशी स्वयंपाकघरातून ओरडली. “काय लिहिलंय त्यात?”

“काही नाही गं. नेहमीचं.”

“नेहमीचं म्हणजे? तुझा हात रोज भाजतो का?”

मावशीने फॉर्म हिसकावला. अक्षर सुंदर होतं, मोत्याचे दाणे. ‘कर्मचारी आवेगी स्वभावाची. कामाचा वेग वाढवण्यासाठी सुरक्षा दांडी त्याच सकाळी स्वतः बांधली. चिंताग्रस्त. स्वतःची चूक सुपरवायझरवर ढकलते : प्रक्षेपण. यंत्रावरील कामास मानसिकदृष्ट्या योग्य नाही.’ आणि खाली वेगळ्या रकान्यात, ‘नातेवाईक कर्मचारी : दांडी पूर्वीपासून बांधलेली होती असा भ्रम. वस्तुस्थितीला नकार. रागावर ताबा नाही.’

मावशीने फॉर्म टेबलावर ठेवला. तांब्या उचलला आणि मोरीत असा आपटला की त्याला पोचा आला. मग तडाख्यात सापडले काका.

“आणि तुम्ही! तुम्ही बसा तिथे डोळ्याला भिंग लावून! जग बुडालं तरी तुमचं घड्याळ वेळेवर चाललं पाहिजे!”

काका म्हणजे मावशीचे यजमान. घड्याळजी. पस्तीस वर्षं भिंगातून दुसऱ्यांची वेळ दुरुस्त केली, स्वतःची कधी आलीच नाही. त्यांनी भिंग न काढता हळूच म्हटलं, “अगं, पण मी काय केलं?”

“तेच म्हणतेय! तुम्ही कधी काही केलंय?”

भाची हसली नाही. एरवी हसली असती.

मावशीने नाकावर चष्मा चढवला आणि ती मनाच्या शब्दांची पुस्तिका उघडली. “आपल्याला शिव्या दिल्यात, तर त्या शिव्यांचा अर्थ तरी कळू दे. वाच गं तू. मला या बारीक अक्षरांचा जास्त राग येतो.”

भाची डाव्या हाताने पानं उलटत वाचू लागली.

“‘आवेग. परिणामांचा विचार न करता तत्काळ कृती करण्याची ओढ.’”

“म्हणजे तू?” मावशी म्हणाली. “तू लहानपणी चेंडू झेलायच्या आधी परवानगी मागायचीस! पुढे.”

“‘चिंता. निश्चित धोका समोर नसताना वाटणारी अस्वस्थता. धोका प्रत्यक्ष समोर असेल तर तिला भीती म्हणतात.’”

“बघ! बघ! बाईंनी स्वतःच्या पुस्तकात लिहिलंय आणि स्वतःच विसरल्या! बैलाच्या वजनाची तापलेली प्लेट समोर आहे आणि म्हणे चिंता. मग धोका कशाला म्हणतात, वाघाला? तो काय लाँड्रीत चादर द्यायला येणार आहे?”

“‘विस्थापन,’” भाचीने पुढचं वाचलं. “‘ज्याच्यावर राग आहे त्याच्यावर तो काढता येत नाही, म्हणून दुसऱ्या, निरुपद्रवी व्यक्तीवर किंवा वस्तूवर काढणे.’”

काकांनी मोरीतल्या पोचलेल्या तांब्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“हे आम्ही दोघं,” ते म्हणाले.

मावशीला हसू फुटलं असतं, पण तिने ते दाताखाली धरलं. “बरं, चुकले. आता गप्प बसा, निरुपद्रवी. पुढे वाच गं.”

प्रक्षेपण झालं. ते म्हणजे आपल्या मनातली नको ती गोष्ट दुसऱ्याच्या अंगावर टाकणं. मावशी म्हणाली, हे शिट्टी रोज जेवणाआधी करतो. भ्रम झाला : ‘विरुद्ध पुरावा समोर असूनही न हलणारा चुकीचा समज.’ तो मावशीने दोनदा वाचायला लावला आणि पानाचा कोपरा दुमडून ठेवला. मग नकार आला : ‘त्रासदायक सत्य माहीत असूनही ते नसल्यासारखे वागणे.’ आणि त्याच्याखाली, अपराधभाव.

भाची तिथे थांबली.

“वाच की.”

“नको. डोळे दुखतात.”

“आत्तापर्यंत दुखत नव्हते?” मावशीने पुस्तिका स्वतःकडे ओढली आणि वाचलं. ‘अपराधभाव. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले या जाणिवेची बोचणी.’

तिला एकदम आठवलं. आठवलं कसलं, तीन आठवडे ती ते पायाखाली दाबून उभी होती, प्रेसचं पेडल दाबावं तसं. भाचीचा पहिला दिवस. कोरा अ‍ॅप्रन. सात नंबरसमोर उभी राहून तिने दांडीकडे बोट केलं होतं, “मावशी, ही पट्टी कसली गं?” आणि मावशीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, “असू दे. हात लावू नकोस, शिट्टी वाजेल. कामाला लाग.”

सात महिन्यांपूर्वी ती पट्टी नवी होती तेव्हा मावशी बोलली होती. शिट्टी म्हणाला होता, “मग रोजच्या चादरी कमी का झाल्या ते तुम्हीच सांगा साहेबांना.” आणि ती गप्प बसली होती. सगळ्या बायका गप्प बसल्या होत्या. रोज बघून बघून पट्टी दिसेनाशी झाली.

“तुझ्या लक्षात होतं,” मावशी म्हणाली.

भाची बँडेजकडे बघत राहिली.

“मग सांगितलं का नाहीस कोणाला? पहिल्या दिवशीच होती म्हणून?”

“कसं सांगू? ते विचारतील, मग कोणाला सांगितलंस? मग तुझं नाव येईल. तुलाही काढतील. काकांचं आता दुकान किती चालतं तुला माहीत आहे.” तिचा आवाज बारीक झाला. “माझं काय, हात तर गेलाच आहे. सही करते ना मी. संपवून टाकू.”

तेव्हा जो राग आला ना, त्याने शेजारच्या तीन घरांतली दुधं उतू गेली म्हणतात. पण मावशीचा आवाज मात्र अजिबात चढला नाही. तो खाली आला. प्लेट येते तसा.

“त्या कागदावर सही केलीस तर मी तुझी मावशी नाही. उद्या दुसरीकडे कामाला जाशील, हा कागद तुझ्याआधी पोचेल. मनाने अधू म्हणून. जखम बरी होईल, हे शब्द बरे होणार नाहीत.” मग काकांकडे वळून, “अहो निरुपद्रवी, तुमचा सगळ्यात बारीक चिमटा कुठला?”

*

गुरुवारी चौकशीच्या खोलीत मोठे साहेब मधोमध, एका बाजूला मनाच्या बाई, दुसऱ्या बाजूला शिट्टी. टेबलावर एक सीलबंद पाकीट. ते शिट्टीने स्वतः केलेलं. अपघाताच्या दिवशी त्याने सात नंबरची पट्टी कात्रीने कापून, गाठीसकट पाकिटात घालून वर लिहिलं होतं, ‘पुरावा’. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

मावशी काखेत घड्या घातलेली चार फडकी घेऊन आली. मागोमाग भाची.

“हे काय आणलंय मावशी?” शिट्टी म्हणाला. “साहेबांच्या टेबलाला इस्त्री करणार?”

“करीन. आधी तुला करते.”

“बघितलंत साहेब?” शिट्टीने हात पसरले. “बाईंनी लिहिलंय ते उगीच नाही. रागावर ताबा नाही.”

मोठ्या साहेबांनी घसा साफ केला. “हे बघा, आपण कोणाला दोष द्यायला बसलेलो नाही. फॉर्मवर सही राहिलीय, तेवढी झाली की—”

“साहेब, सही होणार नाही. आधी शब्दांचा हिशोब होईल.” मावशीने पुस्तिका काढली आणि मनाच्या बाईंपुढे दुमडलेलं पान उघडलं. “मॅडम, हे तुम्ही लिहिलंय. मोठ्याने वाचता का?”

बाईंनी शिट्टीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग वाचलं. “‘भ्रम. विरुद्ध पुरावा समोर असूनही न हलणारा चुकीचा समज.’”

“मला भ्रम झालाय असं तुम्ही लिहिलंत. मग माझ्यापुढे विरुद्ध पुरावा ठेवला कोणी? कधी?”

“तो... सुपरवायझरनी सांगितलं की—”

“सांगितलं! मग तुम्ही भाचीशी किती वेळ बोललात?”

बाईंचे कान लाल झाले.

“पुरावा इथे आहे!” शिट्टीने पाकिटावर थाप मारली. “हीच पट्टी. हिने त्या सकाळी बांधली. मी स्वतः काढली.”

“उघड.”

शिट्टीने मोठ्या ऐटीत सील फोडलं. पट्टी टेबलावर पडली. मधून कापलेली, गाठ शाबूत. रंग जुन्या चहाच्या डागासारखा.

मावशीने काखेतली फडकी एकेक करून पसरली. “साहेब, प्रेसच्या गादीवर ही फडकी असतात. नवीन घातलं की कोपऱ्यात तारीख लिहायची, हा लाँड्रीचा नियम. हे बघा, हे एका महिन्याचं. दुधासारखं. हे दोन महिन्यांचं, साय धरल्यासारखं. हे साडेतीन महिन्यांचं. आणि हे पाच महिन्यांचं. आता ही पट्टी कोणाशेजारी शोभते, ते तुम्हीच बघा. मला काय, भ्रम आहे.”

साहेब खुर्चीतून उठले. पट्टी उचलून पहिल्या फडक्याशेजारी धरली. काळी दिसली. दुसऱ्याशेजारी, तरी काळी. पाच महिन्यांच्या फडक्यावर ठेवली आणि ती दिसेनाशीच झाली.

“आणि दांडी गादीइतकी तापत नाही,” मावशी म्हणाली. “म्हणजे ही पट्टी याच्याहून जुनीच असेल, नवी नाही. पोरगी कामाला लागून एकोणीस दिवस झाले होते. एकोणीस!”

शिट्टीच्या कपाळावर घाम आला, पण जीभ अजून कोरडी नव्हती. “वा! पट्टी जुनी असेल. चिंध्यांच्या टोपलीत जुनी फडकी ढिगाने असतात. हिने जुन्या फडक्याची पट्टी फाडली आणि त्या सकाळी बांधली. त्यात काय!”

साहेबांनी मान हलवली. “तेही शक्य आहे.”

भाचीने डोळे मिटले. मावशीने मात्र कनवटीचा चिमटा काढला. घड्याळातला केसाएवढा स्क्रू उचलायचा चिमटा. ती गाठीवर वाकली. गाठ भाजून भाजून दगड झाली होती. एक धागा. दुसरा धागा. शिट्टी म्हणाला, “यात वेळ घालवायची काय गरज—” आणि मनाच्या बाई पहिल्यांदाच मऊ नसलेल्या आवाजात म्हणाल्या, “थांबा जरा.”

गाठ सुटली. मावशीने पट्टी ताणून धरली.

बाहेरून चहासारखी तपकिरी. आणि जिथे गाठ होती, तिथे आत, बोटभर जागा पांढरी. दुधाहून पांढरी.

“भाजलेली पट्टी बांधली असती तर आतही भाजलेलीच असती,” मावशी म्हणाली. “ही बांधली तेव्हा नवीकोरी पांढरी होती. बांधल्यावर मग महिनोन्‌महिने तापली. गाठीच्या आत वाफ पोचली नाही, म्हणून तेवढं खरं राहिलं.”

साहेब पुन्हा खुर्चीत बसले.

“ठीक आहे,” मोठे साहेब म्हणाले. “काहीतरी गैरसमज झाला. फॉर्ममध्ये आपण ‘तपासात निष्कर्ष नाही’ असं लिहू. कोणाचंच नाव नको. मावशी, तुम्हीही आता शांत व्हा. इतका राग तब्येतीला बरा नाही.”

“मॅडम,” मावशी बाईंकडेच बघत होती, “राग. पान अकरा. तेही वाचा.”

बाईंना पान उघडावं लागलं नाही. “‘राग. अन्याय झाला आहे या जाणिवेतून येणारी नैसर्गिक भावना,’” त्या पाठ म्हणाल्या. आणि मग हळूच, “मी हे लिहिलं. मग समोर दिसला तर ओळखला नाही.”

“मीही पट्टी ओळखली नाही,” मावशी म्हणाली. “लिहून घ्या साहेब. पोरीने पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, ही पट्टी कसली. मी सांगितलं, असू दे, कामाला लाग. पट्टी याने बांधायला लावली. गप्प मी बसवलं. दोन्ही लिहा. नाव घालून.”

“मावशी!” भाची ओरडली. “गप्प बस ना!”

“बसले होते. त्याने काय झालं ते तुझ्या हातावर आहे.”

“याचा परिणाम तुम्हाला ठाऊक आहे?” साहेब म्हणाले. “धोका माहीत असून कळवला नाहीत. तुमच्यावरही कारवाई होईल.”

“होऊ दे. माझ्यावर होईल, खऱ्या गोष्टीसाठी होईल. तिच्यावर खोट्यासाठी होणार नाही.”

साहेबांनी फॉर्मकडे हात नेला. पण तो मनाच्या बाईंनी आधीच ओढून घेतला होता. त्यांनी पेन काढलं आणि स्वतःच्या त्या मोत्यासारख्या अक्षरांवर आडव्या रेघा मारल्या. आवेगी, रेघ. चिंताग्रस्त, रेघ. प्रक्षेपण, रेघ. कागद फाटेल इतक्या जोराने. मग खाली लिहिलं, मोठ्याने म्हणत लिहिलं : ‘दांडी कर्मचारी लागण्यापूर्वीपासून, सुपरवायझरच्या सांगण्यावरून बांधलेली होती. कर्मचाऱ्याने पहिल्या दिवशी विचारले होते. तिला गप्प करण्यात आले.’ स्वतःची सही केली. तारीख घातली.

“बाई, तुम्ही संस्थेच्या वतीने आला आहात,” साहेब म्हणाले.

“हो,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर सही केली.”

मावशीने चारही फडक्यांच्या घड्या घातल्या, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि लाँड्रीत गेली. बारा प्रेस धडधडत होत्या. तिने कात्री उचलली आणि एक नंबरपासून सुरुवात केली. तीन नंबरवर पट्टी होती. कापली. आठवर होती. कापली. अकरावर दोन होत्या, एकीवर एक. मागून शिट्टी वाजली. जीव तोडून वाजली. बारा बायकांनी बारा पेडलांवरून पाय उचलले, आणि बारा प्लेटा वर जाऊन तिथेच थांबल्या. बॉयलरवाला सांगतो, त्या दिवशी वाफ इतकी साठली की लाँड्रीचं छप्पर हातभर उचललं आणि पुन्हा जागेवर बसलं. त्यातलं छपराचं खोटं असेल. बायकांचं खरं आहे.

मावशीला दीड महिना घरी बसवलं. नोटीस आली तेव्हा ती तांब्याचा पोचा ठोकून काढत होती. भाचीने नोटीस वाचून दाखवली, डाव्या हाताने घडी घातली. नीट आली घडी.

“मावशी, आता तरी राग गेला का?”

“जायला तो काय पाहुणा आहे?” मावशी म्हणाली, आणि तांब्यावर आणखी एक घाव घातला. “तुझ्या हाताचं बँडेज सुटेपर्यंत तर हलायचा नाही. पुढचं पुढे बघू.”

काकांनी भिंगातून वर पाहिलं. “माझा चिमटा मिळेल का?” ते म्हणाले. “निरुपद्रवी माणसाला कामाला लागतो तो.”